धनराजचे गोल किती?

हॉकी या शब्दाने आमच्या घरात परवा एक घोटाळा केला. घोटाळा क्षुल्लक होता, पण त्यातून जो प्रश्न निघाला तो क्षुल्लक नाही, आणि त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते कोणापाशीच नाही, हे नंतर कळले. हा लेख त्या नसलेल्या उत्तराविषयी आहे.

पोलादपूर बहुतेकांना ठाऊक असते ते एस.टी.च्या खिडकीतून. मुंबईहून कोकणात उतरताना महाड मागे पडले की आमचे गाव येते. इथून एक रस्ता कशेडीकडे जातो आणि दुसरा आंबेनळी घाटाने महाबळेश्वराकडे चढतो. थांबणारा थांबतो तो चहापुरता. आमच्याकडे मुक्कामाला येतात ते आप्तच, आणि डिसेंबरात आला तो आमचा पुतण्या. बारा वर्षांचा, कॅनडात जन्मलेला. मराठी कळते, बोलताना अडखळतो. रात्री जेवताना त्याने विचारले, काका, तुम्हाला कोणता खेळ आवडतो? आम्ही म्हणालो, हॉकी. त्याचा चेहरा उजळला. तो उठला, बॅगेतून एक प्लास्टिकचे पाकीट घेऊन आला आणि त्यातले एक कार्ड त्याने आमच्या हातावर ठेवले. त्याच्या लेखी ती मोठी भेट होती.

कार्डावर निळ्या चौकटीत बर्फावर उभा असलेला एक सडपातळ, सोनेरी केसांचा पोरगा. वेन ग्रेट्स्की. १९७९-८० च्या हंगामात ओ-पी-ची या कॅनडातल्या बबलगम कंपनीने काढलेल्या संचातले हे १८ व्या क्रमांकाचे कार्ड. अर्थात आमच्या हातात होती ती नक्कल. अस्सल कार्डाची एक निष्कलंक प्रत २०२१ मध्ये साडेसदतीस लाख अमेरिकी डॉलरला विकली गेली, हे त्या पोरानेच आम्हाला सांगितले. पुठ्ठ्याच्या एवढ्याशा तुकड्याची ही किंमत ऐकून आमच्या मातु:श्रींनी जो उद्गार काढला, तो इथे छापण्याजोगा नाही.

त्याचा हॉकी बर्फावरचा, आमचा मातीवरचा. हा खुलासा झाला, हसणे झाले. मग त्याने कार्ड उलटे केले आणि आम्ही पहिल्यांदा त्या कार्डाकडे नीट पाहिले.

पाठीमागे इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत मजकूर होता, आणि आकडे होते. १९७८-७९ चा हंगाम : ८० सामने, ४६ गोल, ६४ साहाय्य, एकूण ११० गुण. हा खेळाडू तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्याची थोरवी अजून कोणाला ठाऊक नव्हती, छापणाऱ्यालाही नव्हती. तरीही त्याचा हिशेब छापला गेला होता. त्या संचातल्या इतर कार्डांच्या पाठीही अशाच आकड्यांनी भरलेल्या असतात, असे पुतण्या म्हणाला. जो पुढे ग्रेट्स्की झाला त्याचीही पाठ तशीच आणि ज्याचे नाव पुढे कोणी घेतले नाही त्याचीही तशीच.

मग त्याने विचारले, तुमच्या हॉकीतला तुमचा आवडता प्लेयर कोण? आम्ही क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, धनराज पिल्ले. त्याने विचारले, त्याचे गोल किती?

वाचकहो, आम्ही गप्प बसलो.

धनराज पिल्ले म्हणजे कोण, हे ज्यांना सांगावे लागेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जन्म १६ जुलै १९६८, खडकी. घरचे तमिळ, पण वाढला पुण्याच्या मातीत आणि बोलतो ठसक्यात मराठी. वडील मैदानाची निगा राखणारे. दारुगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मोडक्या काठ्या दोरीने आवळून त्याने आणि त्याच्या भावांनी खेळ सुरू केला. थोरला भाऊ रमेश मुंबईत आर.सी.एफ.कडून खेळत होता; त्याच्यामागे धनराज मुंबईला आला आणि तिथे ज्योकिम कार्व्हालो यांच्या हाताखाली घडला. पुढे महिंद्रा, पुढे इंडियन एअरलाइन्स. १९८९ च्या डिसेंबरात तो भारताकडून पहिल्यांदा उतरला आणि २००४ च्या ऑगस्टमध्ये, अथेन्सच्या ऑलिम्पिकनंतर थांबला. मधल्या पंधरा वर्षांत चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार आशियाई स्पर्धा. हा चौकार दुसऱ्या कोणाच्याही नावावर नाही. १९९८ मध्ये बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्णपदक मिळवले, तेही १९६६ नंतर पहिल्यांदा, म्हणजे बत्तीस वर्षांनी. सामने ३३९. खेलरत्न, पद्मश्री, अर्जुन, सारे काही.

आणि गोल?

सुमारे १७० म्हणतात. तो स्वतः तसे सांगतो, आकड्यांचा नाद असलेले एखाददुसरे जाणकारही त्याला दुजोरा देतात. पण ज्या भारतीय हॉकी महासंघाच्या नावाने तो हे ३३९ सामने खेळला, त्या महासंघाने त्याच्या गोलांची अधिकृत नोंद ठेवली नाही. हा लेख लिहायला बसण्यापूर्वी आम्ही ही गोष्ट पुन्हा पुन्हा पडताळून पाहिली, कारण आमचा विश्वास बसेना. ज्या देशात घरपट्टीची पावती चौदा वर्षांनी मागतात, त्या देशाच्या राष्ट्रीय खेळाच्या (कागदोपत्री तो राष्ट्रीय खेळ नाही, लोक म्हणतात म्हणून म्हटले) सर्वांत थोर आघाडीवीराचे गोल कोणी मोजलेच नाहीत.

मोजलेच नाहीत हेही खरे नव्हे, आणि संताप येतो तो इथेच. प्रत्येक आंतरराष्ट्रीय सामन्यात मैदानाच्या कडेला एक टेबल असते. त्यावर तांत्रिक अधिकारी बसतात. गोल कोणी, कितव्या मिनिटाला, मैदानी की पेनल्टी कॉर्नरवर, हे तिथे लिहिले जाते आणि त्या कागदावर सह्या होतात. म्हणजे धनराजचा प्रत्येक गोल त्या त्या दिवशी कागदावर उतरला होता. आपण तो कागद पुढे नेला नाही. ज्यांच्याकडे नेण्याची जबाबदारी होती त्यांनी तो कुठल्या तरी कपाटात, कुठल्या तरी गोणीत, कुठल्या तरी रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊ दिला.

यावर पहिला बचाव ठरलेला असतो : आपण गरीब देश, साधने नव्हती. पाकिस्तान आपल्याहून श्रीमंत आहे काय? त्यांच्या सोहेल अब्बासच्या नावावर ३४८ आंतरराष्ट्रीय गोल जमा आहेत आणि तो आकडा जगभर मान्य आहे. एक वही, एक पेन आणि सामन्यानंतर पाच मिनिटे, यापलीकडे यासाठी काय लागते? त्याच काळात आपल्याच देशात, आपल्याच मुंबईत, आनंदजी डोसा आणि सुधीर वैद्य ही माणसे क्रिकेटचा आकडा न् आकडा टिपत होती. संगणक नसताना, हाताने, वह्यांच्या वह्या भरून. क्रिकेटच्या मागे पैसा आला म्हणून आकडे आले असे कोणी म्हणेल तर ते उलटे आहे; आकडे आधी आले. गावस्करची तेंडुलकरशी तुलना करत रात्र काढता येते, ती त्या वह्यांच्या जोरावर. हॉकीतही असे वेडे होते आणि आहेत. सीहोरचे बी. जी. जोशी किंवा के. अरुमुगम यांच्यासारख्यांनी स्वतःच्या हौशीने जे गोळा केले, त्याच्या आधारावरच आज आपण निदान 'सुमारे १७०' एवढे तरी म्हणू शकतो. संस्थेचे काम व्यक्तींनी केले. संस्था काय करत होती? ती बँकॉकचे सुवर्ण आणणाऱ्या कर्णधाराला आणि त्याच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना पुढच्याच मालिकेतून वगळत होती. शब्द वापरला 'विश्रांती'. १९९४ ते २००८ या चौदा वर्षांत महासंघावर एकाच अध्यक्षांची सत्ता होती. २००८ मध्ये भारत ऑलिम्पिकला पात्रच ठरला नाही, पाठोपाठ महासंघाच्या सचिवावर लाच घेतल्याचे चित्रण दूरचित्रवाणीवर झळकले, आणि तो सारा डोलारा कोसळला. त्या कोसळण्यात काय काय गाडले गेले याचा पंचनामा कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

दुसरा बचाव अधिक सुसंस्कृत असतो, आणि तो साहित्यिक वर्तुळात ऐकू येतो म्हणून त्याची दखल इथे घेतलीच पाहिजे. धनराजचा खेळ आकड्यांत मावत नाही, असे हे लोक म्हणतात. उजव्या बाजूने वाऱ्यासारखे मुसंडी मारणे, दोघांना चकवून तिसऱ्याच्या समोर चेंडू थांबवणे, सिडनीत पोलंडने अगदी शेवटी बरोबरी साधली आणि उपांत्य फेरी हुकली तेव्हा त्याचे ढसाढसा रडणे, हे कोणत्या रकान्यात लिहिणार? गोल मोजणे ही वाण्याची दृष्टी झाली, रसिकाची नव्हे.

आम्ही रसिक आहोत असा आमचाही समज आहे, तेव्हा उत्तर देतो. त्या बर्फावरच्या हॉकीत गोल करणाऱ्याइतकेच मोल गोल करवून देणाऱ्याला आहे; प्रत्येक गोलामागे जास्तीत जास्त दोघांच्या नावे साहाय्याची नोंद होते. ग्रेट्स्कीचे राष्ट्रीय लीगमधले गोल ८९४ आणि साहाय्ये १९६३. म्हणजे त्याचे सगळे गोल खोडून टाकले तरी केवळ दुसऱ्याला दिलेल्या पासांच्या बळावर तो कोणत्याही अन्य खेळाडूच्या एकूण गुणांच्या पुढे राहतो. हा माणूस नेमका कसा खेळत होता, हे त्या एका आकड्याने जितके सांगितले तितके कोणत्या विशेषणाने सांगितले असते? 'निःस्वार्थी' म्हटले असते, 'सांघिक वृत्तीचा' म्हटले असते, आणि ते आपण दर तिसऱ्या खेळाडूला म्हणतो. धनराजनेही पेनल्टी कॉर्नर किती मिळवून दिले, किती गोलांच्या आधीचा पास त्याचा होता? हे कोणी लिहिले असते तर त्याच्या रसिकांचेच काम सोपे झाले असते. आकडा रसिकतेचा शत्रू नाही. ज्याच्यापाशी आकडा नाही त्याला विशेषणे उसनी आणावी लागतात, आणि मराठी क्रीडालेखनाने ती इतकी उसनी आणली आहेत की आता कोणी उधार देत नाही. 'विद्युल्लता', 'झंझावात', 'मैदानावरचा जादूगार'. हीच विशेषणे आज एकाच्या निधनावर आणि उद्या दुसऱ्याच्या सत्कारावर छापली, तर कोणाच्या लक्षात येईल?

जादूगारावरून आठवले. ध्यानचंद यांच्यावर १९८० मध्ये आपल्या टपाल खात्याने तिकीट काढले. आपले 'कार्ड' ते तेच. पण टपाल तिकिटाच्या पाठीवर आकडे नसतात, डिंक असतो. आपण चिकटवतो आणि विसरतो. १५ ऑगस्ट १९३६ ला बर्लिनमध्ये भारताने जर्मनीला ८-१ ने हरवले, त्या अंतिम सामन्यात ध्यानचंदचे गोल किती? तीन म्हणणारे आहेत, सहा म्हणणारे आहेत. ज्या सामन्याची कथा या देशातल्या प्रत्येक शाळेत सांगितली जाते, त्यातल्या नायकाचे गोल दुपटीच्या फरकाने सांगितले जातात आणि त्याने कोणाचे काही बिघडत नाही. कथेला आकडा लागत नाही. हिटलरने म्हणे त्याला सैन्यात नोकरी देऊ केली. ही गोष्ट मात्र आपल्याला पाठ असते, ती कुठे लिहिली आहे ते कोणी विचारत नाही.

आणि बलबीर सिंग. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध सहापैकी पाच गोल एकट्याचे. तो विक्रम अजून उभा आहे. त्यांनी १९८५ मध्ये एका नियोजित क्रीडा संग्रहालयासाठी आपला १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकचा ब्लेझर, छत्तीस पदके आणि शंभरावर छायाचित्रे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या स्वाधीन केली. संग्रहालय झाले नाही. वस्तू सापडेनाशा झाल्या, हे २०१२ मध्ये उघड झाले. म्हातारा माणूस पत्रे लिहीत राहिला, मुलगी-नातू खेटे घालत राहिले, आणि २५ मे २०२० ला ते गेले. वस्तू मिळाल्या नाहीत. त्यांच्या श्रद्धांजल्यांत 'सुवर्णाक्षरांनी कोरले जाईल' हा वाक्प्रचार किती ठिकाणी आला असेल! सोन्याची अक्षरे नकोत, शाईची पुरली असती.

इथे कोणी आम्हाला विचारील की त्या कॅनडावाल्यांचे तुम्हाला एवढे कौतुक का? कार्डाच्या पाकिटांसाठी पोरांना वेड लावायचे, मग त्याच कार्डांचा सट्टा करायचा, हा बाजारच नव्हे काय? बाजारच आहे. पुठ्ठ्याला साडेसदतीस लाख डॉलर देणारा शहाणा आहे असे आम्ही कदापि म्हणणार नाही. आणि त्यांच्या नोंदीही सुरुवातीपासून निर्दोष नव्हत्या. १९१७-१८ च्या पहिल्या हंगामात राष्ट्रीय लीगने साहाय्यांची अधिकृत गणना केली नव्हती. पण शंभर वर्षे झाली तेव्हा त्यांनी १९१७ पासूनची आकडेवारी जुन्या सामना-अहवालांतून जुळवून सर्वांसाठी खुली केली. ज्या ४६ गोलांचा आकडा आमच्या हातातल्या कार्डावर आहे, ते गोल ग्रेट्स्कीने दुसऱ्या, प्रतिस्पर्धी लीगमध्ये केले होते. म्हणून राष्ट्रीय लीग ते ८९४ मध्ये धरत नाही. धरावेत की नाहीत यावर तिकडे आजही भांडणे होतात. ६ एप्रिल २०२५ रोजी ओव्हेच्किन नावाच्या रशियन खेळाडूने ८९५ वा गोल केला तेव्हा सामना मध्येच थांबवून सोहळा झाला, आणि ही भांडणे पुन्हा उकरली गेली. आम्हाला हेवा वाटतो तो या भांडणाचा. भांडायलासुद्धा आधी आकडा लागतो. धनराजचा एकशेएकाहत्तरावा गोल कोणी केला, हे आपल्याला कधीच कळणार नाही. तो कदाचित झालाही असेल.

एक गंमत सांगावीशी वाटते. १९८७ च्या विश्वचषकाच्या सुमारास बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे मिळत. आमच्या पिढीने त्यांच्यासाठी दात किडवून घेतले. पुढे नव्वदीत कुस्तीवीरांचे ट्रम्प कार्ड आले. आमच्या आळीतल्या पोरांना अमेरिकेतल्या नाटकी पैलवानांच्या छातीचे इंच आणि दंडाचे घेर तोंडपाठ होते. त्याच वर्षांत खडकीचा एक पोरगा भारतासाठी गोल करत होता आणि ते किती, हे दिल्लीत बसलेल्यांना ठाऊक नव्हते.

पण आमचा मूळ मुद्दा धनराजही नाही, ग्रेट्स्कीही नाही. थोरांचे कसेही भागते. धनराजचे गोल १६० असोत की १८०, लोक त्याला विसरणार नाहीत. खरा प्रश्न लहानांचा आहे. पुतण्याने सांगितलेले एक नाव आम्हाला त्या रात्री ग्रेट्स्कीपेक्षा अधिक भिडले : रॉबिन बावा. ब्रिटिश कोलंबियातल्या एका पंजाबी घरातला मुलगा, १९८९ मध्ये राष्ट्रीय लीगमध्ये उतरलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. वॉशिंग्टन, व्हँकुव्हर, सॅन होजे, अनाहाइम अशा चार संघांकडून मिळून सामने ६१, गोल ६, साहाय्य १. संपली कारकीर्द. मोठा खेळाडू तो नव्हता. पण त्याचे सहाच्या सहा गोल कोणी तरी लिहून ठेवले आहेत आणि ते उद्या त्याच्या नातवाला सापडतील. वही ज्याची कोणी पोवाड्यात दखल घेणार नाही, त्याची असते.

आता आमच्या मातीत या. रायगड जिल्ह्यात हॉकी नाही, कबड्डी आहे. आणि ती किती आहे हे बाहेरच्यांना कळणे कठीण. दिवाळी उलटली की अलिबागपासून पोलादपूरपर्यंत गावोगाव रात्रीच्या स्पर्धा लागतात. शेतात मैदान आखायचे, चार खांबांवर दिवे, ध्वनिक्षेपकावर एक अविरत बोलणारा गृहस्थ. प्रवेशद्वारावरच्या फलकावर एकवीस पुढाऱ्यांची छायाचित्रे असतात, खेळाडूचे एकही नसते. मैदानाच्या कडेला गुणलेखक बसतो. कोणी चढाई केली, किती गुण आणले, पकड कोणाची, बोनस कोणाचा, हे सारे तो निमूट लिहितो. पहाटे तीनला अंतिम सामना संपतो. चषक उचलला जातो, फोटो निघतात, आणि गुणपत्रक? आम्ही स्वतः पाहिले आहे : सकाळी त्यात वडापाव बांधलेले असतात.

महाडचा एक मुलगा आहे. नाव देत नाही. उजवा कोपरारक्षक, त्याची पकड ज्यांनी पाहिली ते आजही तिच्याविषयी बोलतात. जिल्ह्याच्या संघातून राज्य पातळीवर खेळला. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, त्यासाठी त्याने सगळी प्रमाणपत्रे एका फायलीत जपून ठेवली होती. २२ जुलै २०२१ च्या रात्री सावित्री आणि गांधारी महाड शहरात शिरल्या. ज्यांनी त्या दिवसांत महाड पाहिले त्यांना पुढचे सांगायला नको. दुसऱ्या मजल्यावर चढून जीव वाचले, फाईल तळमजल्यावर होती. चिखल वाळल्यावर त्यातून जे निघाले त्यावर अक्षर उरले नव्हते. तो संबंधित संघटनेकडे गेला. दुय्यम प्रत द्या, किंवा निदान मी त्या संघात होतो एवढे पत्र द्या. तिथे उत्तर मिळाले की त्या वर्षीची नोंद उपलब्ध नाही. कोणी तरी म्हणाले, तुझी पकड आम्हाला आठवते की! आठवण पडताळणीला चालत नाही. तो आज औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर आहे.

याच राज्यात, याच वर्षांत, कधी मैदानात न उतरलेल्यांनी बोगस क्रीडा प्रमाणपत्रांच्या जोरावर शासकीय नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे बाहेर आली. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. खऱ्याची नोंद जिथे नसते तिथे खोट्याची नोंद सुखाने नांदते, कारण पडताळायचे कशाशी? वही असती तर महाडच्या त्या मुलाचे नाव सापडले असते आणि त्या इतरांचे सापडले नसते. नोंद न ठेवणाऱ्याला आपण आळशी म्हणतो, गबाळा म्हणतो. आमच्या मते तो शब्द सौम्य आहे. गहाळपणाचा फायदा नेहमी कोणाला तरी होतो.

आपल्याकडे नोंदीची परंपराच नाही, असे म्हणून सुटू पाहणाऱ्यांना आम्ही सुटू देणार नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या वरसईत जन्मलेल्या वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवर चढून, उंदरांच्या तोंडून दप्तरे सोडवली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड उभे केले. पहिला १८९८ चा. आमच्या तालुक्यात उमरठ आहे. तिथे तानाजीचे स्मारक आहे, दरवर्षी उत्सव होतो, पोवाडा होतो, आणि तो ऐकताना आमचेही डोळे भरून येतात. पण ४ फेब्रुवारी १६७० ही तारीख आपण ठामपणे उच्चारू शकतो ती पोवाड्याच्या बळावर नव्हे. राजवाड्यांसारख्या माणसांनी कागद शोधले, ताडले, छापले म्हणून. ज्या समाजाने साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या रात्रीचा हिशेब लावला, त्याला पंचवीस वर्षांपूर्वी दूरचित्रवाणीवर दिसलेल्या सामन्यांचा लावता येऊ नये?

आज परिस्थिती थोडी सुधारली आहे, हे नाकारत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हरमनप्रीत सिंगने १० गोल केले, हे पोरासोरांना ठाऊक आहे. कबड्डीतही २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली आणि एकाएकी प्रत्येक चढाईचा गुण पडद्यावर मोजला जाऊ लागला. बरे झाले. पण हॉकीत मोजणी जागमान्य महासंघाच्या संगणकावर होते आणि कबड्डीत दूरचित्रवाणीच्या गरजेपोटी. दोन्हीकडे वही दुसऱ्याची आहे. आणि २०१४ च्या आधी ज्यांनी शेतातल्या मैदानावर गुडघे फोडून घेतले, त्या सगळ्या पिढ्यांचे गुण शून्य.

पुतण्या जानेवारीत परत गेला. जाताना त्याने पुन्हा विचारले. आम्ही एक साधे पोस्टकार्ड घेतले. पुढे बँकॉकच्या वेळचे वर्तमानपत्रातले धनराजचे चित्र कापून चिकटवले. मागे पट्टीने रकाने आखले : वर्ष, स्पर्धा, सामने, गोल. वर्षे आणि स्पर्धा भरल्या. शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने 'सु. १७०' लिहिले. त्याने ते वाचले आणि 'सु.' म्हणजे काय, असे विचारले.

या हिवाळ्यात आमच्या गावच्या स्पर्धेत आम्ही दोनशे पानी वही विकत आणून गुणलेखकाच्या हातात दिली. अट एकच : पान फाडायचे नाही. मुलांनी प्रत्येक पानाचा फोन्यावर फोटोही काढून ठेवला. पूर आला तर एक प्रत वर राहावी. पहिल्याच रात्री, तिसऱ्या सामन्यात, एका बोनस गुणावरून दोन वाड्या भांडल्या. एक म्हणते वहीत चुकून चढवला, दुसरी म्हणते पंचांनी हात वर केला होता. वही दोघांनीही उघडून पाहिली, पुन्हा पुन्हा. महिना झाला, वाद अजून चालू आहे.